पित्ताला वळण कळत नाही

साताऱ्यातून यवतेश्वरच्या घाटाला लागले की सुरू झालेला चढ वरच्या गावापर्यंत पाठ सोडत नाही. गेली नऊ वर्षे आठवड्यातून चार दिवस मी या घाटाने पळत, आणि पळणे जमत नाही तेव्हा भराभर चालत, वर जात आलो आहे. त्यामुळे कोणत्या वळणावर धाप लागते, कुठे वारा अंगावर येतो आणि कुठे कुत्री मागे लागतात हे मला झोपेतही सांगता येईल. गेल्या वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस थोडा उघडला असताना, यातल्याच एका वळणावर छातीच्या मधोमध काहीतरी दाटून आल्यासारखे वाटले. त्याला दुखणे म्हणता आले नसते. ओला टॉवेल पिळताना शेवटचा पीळ बसतो, तसा पीळ कुणीतरी आतून द्यावा असे ते होते, आणि त्याच्याबरोबर खालच्या जबड्यात, दाढांच्या मुळाशी, एक चमत्कारिक ठणका होता. मी बुटाची नाडी बांधण्याचे निमित्त करून थांबलो. दीड-दोन मिनिटांत सगळे विरून गेले, आणि मी पुढे निघालो.

आदल्या रात्री घरी तांबडा रस्सा होता, त्यामुळे निदान करायला मला वेळ लागला नाही. पित्त. दुसऱ्या दिवशी रस्सा नव्हता, पण झोप कमी झाली होती. म्हणजे जागरणाचे पित्त. तिसऱ्या वेळी उपाशीपोटी चहा घेतला होता. प्रत्येक वेळी मला एक कारण सापडत गेले, आणि प्रत्येक वेळी ते पित्ताच्याच घरात जाऊन बसले. मला आणखी एका गोष्टीने फसवले. थांबून, दम खाऊन पुन्हा निघालो की वरचा सगळा चढ विनात्रास पार पडायचा, कधीकधी तर नेहमीपेक्षा हलके वाटायचे. ‘अंग मोकळे झाले’ अशी मी स्वतःची समजूत घातली. चढाच्या सुरुवातीला छातीत भरून येणे, थोडे थांबल्यावर ते जाणे आणि नंतर तेवढ्याच श्रमाला ते न जाणवणे, हा हृदयशूळाचाच, म्हणजे अँजायनाचाच, एक ओळखीचा प्रकार आहे, हे मला पुढे डॉक्टरांकडून कळले. तोपर्यंत मी घरातली पित्ताच्या गोळ्यांची अख्खी पट्टी संपवली होती.

आमच्या पळणाऱ्यांच्या गटात एक निवृत्त पीटी सर आहेत. वय अडुसष्ट, बोलणे कमी, शिट्टी अजून गळ्यात. माझे त्या वळणावरचे नाडी बांधणे त्यांनी तीन आठवडे पाहिले असावे, कारण ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ते माझ्याजवळ येऊन थांबले.

“काय साहेब, नाडी रोज इथंच सुटते?”

“जरा पित्त आहे, सर. जळजळतं. थांबलं की जातं.”

“रोज याच वळणावर?”

“साधारण इथंच.”

“घरी बसल्या बसल्या, जेवल्यावर, रात्री आडवं झाल्यावर होतं का?”

मी विचार केला. एकदाही झाले नव्हते.

“मग पित्ताला वळण कसं कळतं?” एवढेच बोलून ते पुढे गेले नाहीत. मला घेऊन खाली उतरले, आणि त्या दिवशी त्यांचेही पळणे राहिले.

या एका प्रश्नात जे आले, ते मी नंतर बरेच वाचूनही याहून सोपे करून सांगू शकलेलो नाही. श्रम केला की येते आणि श्रम थांबवला की जाते, या जोडीला महत्त्व आहे. ते नेमके कुठे आणि किती दुखते याला त्या मानाने कमी आहे. हृदयाचा स्नायू विश्रांतीतही आपल्याकडे आलेल्या रक्तातला बहुतेक प्राणवायू काढून घेतो. इतर स्नायूंसारखी त्याच्याकडे मोठी शिल्लक नसते. म्हणून काम वाढले की त्याला जास्त रक्तच लागते, आणि निरोगी माणसाच्या हृदयधमन्या जोराच्या श्रमात चार-पाच पट रक्त पुरवू शकतात. धमनी आतून निम्म्याहून बरीच अधिक अरुंद झाली तरी सोफ्यावर बसलेल्या माणसाला पुरेल एवढा प्रवाह तिच्यातून जात राहतो. चढावर मात्र मागणी वाढते आणि पुरवठा तिथल्या तिथेच अडतो. माझ्या बाबतीत मागणी आणि पुरवठ्याची ही फारकत ठरावीक वेगाने, ठरावीक चढावर, ठरावीक मिनिटाला होत होती, म्हणून वळण तेच होते. ती कळ छातीतच जाणवेल असेही नाही. डावा किंवा उजवा हात, खांदे, पाठीचा वरचा भाग, मान, जबडा, पोटाचा वरचा भाग यांपैकी कुठेही जाणवू शकते. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये तर अनेकदा नुसती धाप, विलक्षण थकवा, घाम किंवा मळमळ एवढेच असते. कालपर्यंत सहज चढलेला जिना आज दोनदा थांबून चढावा लागला, तर त्याचीही यातच गणना करावी.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी ईसीजी काढला. तो अगदी निर्दोष आला, आणि मी खुर्चीतून अर्धा उठलोसुद्धा. डॉक्टर म्हणाले, “बसा. हा तुम्ही पलंगावर पडलेले असतानाचा कागद आहे. तुम्हाला पलंगावर काही होतंय का?” त्यांनी पळणे तत्काळ बंद करायला सांगितले आणि ट्रेडमिल चाचणीसाठी चिठ्ठी दिली. इथे एक खुलासा केलेला बरा. ही वाट मला लागू होती, कारण माझी कळ ठरावीक श्रमाला येत होती आणि थांबले की जात होती. हेच दुखणे नवे आणि वाढते असते, कमी श्रमाला येऊ लागले असते किंवा बसल्या जागी पंधरा-वीस मिनिटे टिकले असते, तर चिठ्ठी आणि चाचणीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे असते. सकाळपर्यंत वाट पाहायची नसते आणि स्वतः गाडी चालवायची नसते.

ट्रेडमिल चाचणीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढवतात. पहिल्या टप्प्यात ताशी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास वेग आणि दहा टक्के चढ असतो, तिसऱ्या टप्प्यात वेग साडेपाचपर्यंत आणि चढ चौदा टक्क्यांपर्यंत जातो. छातीवर दहा ठिकाणी चिकटपट्ट्या लावलेला, चड्डी आणि बूट घातलेला मी, समोरच्या भिंतीवरच्या धबधब्याच्या चित्राकडे पाहत चालत होतो. पहिले दोन टप्पे मी तंत्रज्ञ मुलीशी कासच्या पठारासंबंधी गप्पा मारत काढले. सातव्या मिनिटाला जबड्यात तोच ठणका उठला, आणि मी काही बोलण्याआधीच तिने पडद्याकडे पाहून डॉक्टरांना हाक मारली. घाटातले वळण त्या खोलीत आले होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. पुण्यात अँजिओग्राफी झाली, मनगटातून. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत ऐंशी टक्के अडथळा निघाला, एक स्टेंट बसला, तिसऱ्या दिवशी मी घरी होतो. भेटायला आलेल्या प्रत्येकाने कंदी पेढे आणले, हे खास साताऱ्याचे. हृदयरुग्णाच्या घरात आठवडाभर सव्वादोन किलो पेढे पडून होते, आणि ते कोणी खाल्ले याची चौकशी मी केलेली नाही.

पेढ्यांबरोबर एक निर्णयही घरोघरी होऊन आला होता : “पळून पळूनच झालं हे.” माझ्या थोरल्या चुलत्यांनी तर स्पष्टच सांगितले, “आमच्या वेळी कोण पळत होतं? आम्ही मेलो का?” त्यांच्या भावाबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल, मी पुढे लिहिणार आहे, पण आधी या आरोपाबद्दल. व्यायामाने माझी धमनी अरुंद केली नाही. ती अनेक वर्षांत, थरावर थर चढत अरुंद झाली होती. चढाने फक्त ती उघडकीला आणली. मात्र जोराच्या श्रमात धोका क्षणभर वाढतो ही गोष्टही खरी आहे, आणि व्यायामाच्या प्रेमात पडलेली आमच्यासारखी माणसे ती झाकून ठेवतात. धमनीतल्या मेदाच्या साठ्यावर एक पातळ आवरण असते. रक्तदाब आणि नाडी एकदम वाढली, रक्तात अड्रेनलिन उसळले, की ते आवरण फाटण्याची आणि त्यावर गुठळी धरण्याची शक्यता वाढते. १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हृदयविकाराचा झटका आलेल्या शेकडो रुग्णांना त्याआधीच्या तासाभरात त्यांनी काय केले ते विचारले गेले. आठवड्यातून एकदाही जोराचा व्यायाम न करणाऱ्या माणसाने अचानक जोराचे श्रम केले, तर त्या तासातला धोका शंभर पटीहून अधिक वाढलेला दिसला; आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत तो अडीच पटीच्याही आत होता. मला हे आकडे चुलत्यांना समजावून सांगता आले नाहीत, पण स्वतःपुरता अर्थ लागला : वर्षभर खुर्चीत बसून डिसेंबरात एकदम सिंहगड चढणारा, किंवा कंपनीच्या वार्षिक क्रिकेट सामन्यात पंचेचाळिसाव्या वर्षी चोरटी धाव घेणारा माणूस, रोज चालणाऱ्या माणसापेक्षा फार मोठी जोखीम घेत असतो.

पण रोज पळणाराही अमर नसतो. सत्तरच्या दशकात अमेरिकेला जॉगिंगचे वेड लावणाऱ्यांत जिम फिक्स यांचे नाव पहिल्या रांगेत घेतले जाते. पस्तिशीपर्यंत हा गृहस्थ सिगारेटी ओढणारा आणि सत्त्याण्णव किलोच्या आसपास वजनाचा होता. मग सिगारेट सुटली, वजन उतरले, आणि १९७७ साली धावण्यावर लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाने विक्रीचे उच्चांक केले. २० जुलै १९८४ रोजी व्हरमाँटमधल्या एका रस्त्यावर धावतानाच ते गेले. वय बावन्न. शवविच्छेदनात हृदयधमन्या मोठ्या प्रमाणावर चोंदलेल्या आढळल्या. ‘बघा, पळून काय मिळाले’ असे तेव्हाही लोक म्हणाले. मला त्या हकिकतीतली दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करते. फिक्स यांच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते त्यातच गेले. मुलगा त्यांच्यापेक्षा नऊ वर्षे जास्त जगला, आणि त्यात पळण्याचा वाटा असेलही; पण वडिलांचे वय मागे टाकले म्हणून वडिलांचा वारसा मागे पडत नाही.

हे मी फार अधिकाराने लिहीत आहे, कारण मी विम्याच्या धंद्यात आहे. एकोणतीस वर्षे मी लोकांच्या ओसरीवर बसून त्यांचे प्रस्ताव-अर्ज भरून घेत आलो. त्या अर्जात कौटुंबिक इतिहासाचा एक रकाना असतो : वडील हयात आहेत का, नसल्यास मृत्यूसमयी वय, मृत्यूचे कारण. लोक तो रकाना टाळू पाहतात. “म्हातारपणाने गेले” असे सांगतात, आणि वय विचारले की शेहेचाळीस सांगतात. मी पेन खाली ठेवून नीट विचारायचो, कारण तिथे चुकीचे लिहिले तर पुढे दावा अडतो. माझे वडील १९९३ साली, एक्कावन्नाव्या वर्षी गेले. एसटीच्या आगारात कारकून होते, आणि शेवटचे काही महिने आगाराचा जिना चढून आले की छातीवर मूठ धरून अर्ध्यावर उभे राहायचे, मग घरी येऊन पाण्यात खायचा सोडा ढवळून प्यायचे. पित्तच म्हणायचे ते. मी बावन्न पूर्ण केली त्या वाढदिवशी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला होता, आणि तेव्हापासून तो रकाना माझ्यासाठी जणू बंद झाला होता.

दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका तुलनेने लवकर येतो, हे बावन्न देशांतल्या एका विख्यात अभ्यासातून दिसले आहे : आपल्याकडे सरासरी वय त्रेपन्नच्या आसपास, इतर जगात अठ्ठावन्न-एकोणसाठ. त्याच अभ्यासाने हेही दाखवले, की बहुतेक झटक्यांमागे मोजता येण्याजोगी नऊ कारणे असतात, आणि तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण ही त्यांतली ठळक. माझा रक्तदाब दहा वर्षे ‘थोडासा’ वाढलेला होता. पळतो म्हणून तो आपोआप उतरेल असे मला वाटे, आणि औषध मी सोयीने घेत असे.

अलीकडे एखादा प्रसिद्ध माणूस व्यायामशाळेत कोसळला की भीतीची लाट येते. २०२१ च्या ऑक्टोबरात कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार शेहेचाळिसाव्या वर्षी गेले, २०२२ च्या ऑगस्टमध्ये विनोदवीर राजू श्रीवास्तव दिल्लीत ट्रेडमिलवर कोसळले आणि सहा आठवड्यांनी गेले, तेव्हा आमच्या गटातल्या दोघांच्या घरच्यांनी त्यांचे बूट लपवून ठेवले होते. त्याच काळातली सौरव गांगुलीची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. २ जानेवारी २०२१ रोजी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, घरी व्यायाम करताना त्याला छातीत अस्वस्थ वाटले. तो थांबला, रुग्णालयात गेला, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली आणि त्याच वर्षी तो पुन्हा क्रिकेटच्या कारभारात होता. जो वाचतो त्याची बातमी दोन दिवसांत जुनी होते.

पस्तिशीच्या आतल्या खेळाडूंचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्यात चोंदलेल्या धमन्यांपेक्षा हृदयाचा स्नायू जन्मतः जाड असणे, हृदयधमनी भलतीकडून निघणे, हृदयाच्या विद्युतयंत्रणेतले दोष, किंवा विषाणूच्या तापानंतर हृदयाच्या स्नायूला आलेली सूज ही कारणे अधिक असतात. पळताना चक्कर येऊन पडलेल्या मुलाला ‘उपाशी होता’ म्हणून ग्लुकोज पाजून घरी पाठवू नये, त्याचा ईसीजी आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढावा. आणि घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल तर नक्कीच. इटलीने १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंची ईसीजीसह तपासणी कायद्याने सक्तीची केली, आणि तिथल्या व्हेनेतो प्रांतात १९७९ ते २००४ या काळात तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू एकोणनव्वद टक्क्यांनी घटले. सगळ्या देशांना हे मान्य नाही, खर्चाचा आणि विनाकारण अपात्र ठरणाऱ्या मुलांचा वाद आहेच. आपल्याकडे वाद घालण्याइतकीही तपासणी होत नाही. साताऱ्यात २०१२ पासून होणाऱ्या डोंगरी अर्धमॅरेथॉनसाठी मी जेव्हा जेव्हा डॉक्टरांचा दाखला काढला, तेव्हा तो एका ओळखीच्या दवाखान्यात उभ्या उभ्या काढला. स्टेथोस्कोप खुंटीवरून खाली उतरला नाही. मी आभार मानले होते.

सहा आठवड्यांनी, पुन्हा एकदा ट्रेडमिल चाचणी करून, मला चढावर चालायची परवानगी मिळाली. आता नाडीची गती कमी ठेवणारी गोळी चालू असल्याने मनगटावरचे घड्याळ माझ्यावर कायम नाराज असते; नाडी एकशे पंधराच्या वर जात नाही आणि ते मला ‘आळशी’ ठरवते. दोनशे वीसमधून वय वजा करण्याचे सूत्र सगळ्यांना पाठ असते, पण ते सरासरीचे आहे, एखाद्या माणसात दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज असतात, आणि अशी गोळी घेणाऱ्याला तर ते लागूच पडत नाही. यावर पीटी सरांचा उपाय म्हणजे पाढे. चढताना मोठ्याने एकोणिसाचा पाढा म्हणायचा. एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न, एकोणीस चोक शहात्तर : तीन घरे एका दमात झाली तर वेग ठीक, प्रत्येक घराला श्वास तुटला तर वेग कमी करायचा, आणि पाढा गाऊन म्हणता आला तर थोडा वाढवायला हरकत नाही. बोलता यावे पण गाता येऊ नये, हे मध्यम व्यायामाचे मोजमाप जगभर वापरले जाते. पाढ्यांची भर आमच्या सरांची. पहाटे सहा वाजता धुक्यातून सात-आठ प्रौढ माणसे पाढे म्हणत चढताना पाहून कासला निघालेल्या पर्यटकांनी गाडी हळू केल्याचे मी पाहिले आहे.

सुरुवातीची दहा मिनिटे सपाटीवर रमतगमत चालायचे, हे पूर्वी मी वेळेचा अपव्यय समजत असे. धमन्यांना रुंदावायला तेवढा अवधी लागतो, विशेषतः डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, जेव्हा त्या मुळातच आखडलेल्या असतात. शेवट त्याहून महत्त्वाचा. जोरात पळून एकदम उभे राहिले की पायांत साचलेले रक्त वर चढत नाही, रक्तदाब पडतो, आणि त्याच वेळी रक्तात अड्रेनलिन भरपूर असते. म्हणून दहा मिनिटे चालत राहायचे, आणि लगेच गरम पाण्याच्या अंघोळीला जायचे नाही. शर्यतीतही शेवटचा भाग वाईट. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन पळालेल्या एक कोटी नऊ लाख धावपटूंपैकी एकोणसाठ जणांचे हृदय धावताना किंवा लगेच नंतर बंद पडले. प्रमाण फारच लहान आहे, पण बहुतेक घटना अंतराच्या अखेरच्या चौथाईत घडल्या. लोक बघत आहेत म्हणून शेवटच्या तीनशे मीटरला छाती फुटेस्तोवर पळण्याची आपली जी हौस आहे, तिच्याबद्दल मी आता निर्विकारपणे लिहू शकत नाही. अंगात कणकण असताना ‘घाम काढला की ताप उतरतो’ म्हणून व्यायाम करणे हा दुसरा असाच प्रकार, आणि श्वास कोंडून जड वजन उचलणे हा तिसरा. त्या क्षणी रक्तदाब किती वर जातो याचे आकडे मी पाहिले तेव्हा मला ते छपाईची चूक वाटले होते.

नोव्हेंबरात आमच्या गटाने एका भूलतज्ज्ञ बाईंना बोलावून छातीदाब, म्हणजे सीपीआर, शिकून घेतला. हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे यांत आपण गल्लत करतो. पहिल्यात रक्त तुंबते आणि माणूस बहुधा बोलत असतो, दुसऱ्यात हृदयाची वीजच बिघडते आणि माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते. माणूस कोसळल्यावर थोडे आचके येतात, घशातून घोरल्यासारखा आवाज येतो, आणि भोवतालची मंडळी ‘फिट आली’ म्हणून कांदा किंवा चप्पल हुंगवू लागतात, कोणी तोंडात पाणी ओततो. प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत असताना आपली तीन मिनिटे कांदा शोधण्यात जातात. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे दिसले की एकाने १०८ ला फोन करायचा, दुसऱ्याने दाब सुरू करायचा, आणि जवळपास शॉक देणारे यंत्र असेल तर तिसऱ्याने ते आणायला पळायचे. सतरंजीवर ठेवलेल्या रबरी पुतळ्यावर मी गुडघ्यांवर बसलो. छातीच्या मध्यावर तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. पुतळ्याच्या आत बरोबर खोलीला ‘टक्’ असा आवाज होतो. चाळीसाव्या दाबाला माझा टक् गेला, दीड मिनिटात पाठीवरून घामाची धार लागली. बाई म्हणाल्या, “दर दोन मिनिटांनी माणूस बदला, नाहीतर तुम्हाला वाटतं दाबताय आणि नुसते हात हलत असतात.” बरगडी मोडेल का, असे कोणीतरी विचारलेच. “मोडेल. जोडता येते,” बाई म्हणाल्या.

२०२१ च्या जूनमध्ये कोपनहेगनच्या मैदानावर ख्रिस्तियन एरिक्सन हा फुटबॉलपटू सामन्यात कोसळला तेव्हा हेच झाले होते : तत्काळ दाब, यंत्राचा शॉक, आणि आठ महिन्यांनी तो छातीत बसवलेल्या यंत्रासह पुन्हा खेळत होता. आमच्या घाटात असे यंत्र नाही. म्हणून आता आम्ही एकटे चढत नाही, प्रत्येकाच्या खिशात नाव, रक्तगट, चालू औषधे आणि घरचा फोन लिहिलेले कार्ड असते, आणि कोणीही नाडी बांधायला थांबला तर त्याला एकदा विचारायचेच असा नियम आहे.

मुलगा पुण्यात नोकरी करतो, सत्तावीस वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात त्याने नवी व्यायामशाळा लावली, आणि आश्चर्य म्हणजे तिथे प्रवेशाआधी आरोग्याचा अर्ज भरून घेतात. त्याचा रात्री फोन आला.

“बाबा, इथं विचारलंय, वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला होता का. तुम्ही तेव्हा किती वर्षांचे होता?”

“चौपन्न.”

“म्हणजे हो लिहायचं.”

“हो. आणि त्यांना दाखवण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखव. साखर, चरबी, रक्तदाब सगळं करून घे. लायपोप्रोटीन-ए म्हणून एक तपासणी आहे, तीही सांग त्यांना.”

तो लिहीत होता. पेनाचा आवाज फोनमधून ऐकू येत होता. मग म्हणाला, “आजोबांचं पण लिहू का? पण इथं एकच ओळ आहे.”

“समासात लिही,” मी म्हणालो. “एक्कावन्न.”